दिनेशसाठी आठ किलो

१२ ऑक्टोबर २००१, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, जे जे तोंडात जाईल ते लिहून ठेवा. म्हणून ही डायरी. बियाण्यांच्या दुकानातून यांना जानेवारीत मिळाली होती. पहिल्या पानावर कुणीतरी कांद्याच्या रोपांचा हिशेब मांडून सोडून दिलाय, बाकी कोरी.

आज खाल्लं: सकाळी चहा, दोन बटर. दुपारी बाजरीच्या दोन भाकरी, मेथी, ठेचा. चार वाजता हॉस्पिटलच्या बाहेर एक वडापाव, कारण रडू आलं होतं.

रडू आल्याचं कारणही लिहिते, नाहीतर पुढे वाचताना मलाच वाटेल की वडापावचं निमित्त केलं. दिनेश माझा धाकटा भाऊ. सायखेड्याला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. होळीच्या सुमारास त्याच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो नाशिकला डायलिसिसला येतो. आईला साखर, त्यामुळे तिची किडनी चालत नाही. त्याच्या बायकोचा, दीपमालाचा, रक्तगट जुळत नाही. माझा जुळला. सगळंच जुळलं, फक्त वजन सोडून. ऐंशी किलो, उंची पाच फूट आणि वर थोडं ब्लडप्रेशर.

"बाई, या वजनावर तुम्हाला टेबलावर घेणार नाही. बहात्तर करून या. एकवीस डिसेंबरला पुन्हा बघू."

आठ किलो. आमचा मखमलाबादला फुलांचा मळा आहे. आठ किलो झेंडू तर माझी बारा वर्षांची गोदी शाळेतून आल्यावर चहा होईपर्यंत तोडते. मला वाटलं, एवढंच ना!

यांनीही धीर दिला. टेम्पो चालवता चालवता म्हणाले, "हुईल गं. आपला काटा हायेच की घरी. दर आठवड्याला तोलू तुला."

१७ ऑक्टोबर, बुधवार

घटस्थापना. मी नऊ दिवसांचे उपवास धरले. खायचंच नाही तर वजन वाढेल कशाने? आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, केवढा आनंद झाला. आजपर्यंत मी कधी उपवास धरला नव्हता. त्यांनी स्वतःच शेजारी जाऊन सांगितलं, "गोजराबाईंच्या सुनेला देवीनं बुद्धी दिली." गोजराबाई म्हणजे त्या स्वतःच. स्वतःबद्दल बोलताना त्या अशाच बोलतात.

आज खाल्लं: काही नाही. उपवास.

२० ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरांनी खरं लिहायला सांगितलंय. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दोनदा. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. तुपात परतलेली रताळी, गूळ घालून. राजगिऱ्याचे लाडू दोन. केळी तीन. संध्याकाळी पुन्हा खिचडी, कारण सकाळची उरली होती आणि उपवासाचं टाकू नये म्हणतात.

आत्याबाई म्हणतात, "नुसत्या उपाशी पोटी चक्कर येईल तुला, घे अजून." मी घेते.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

चार दिवस हातात डायरी धरायला वेळ नव्हता. पहाटेपासून झेंडू तोडायचा, क्रेट भरायचे, टेम्पो लावायचा. आज दुपारी मळा रिकामा झाल्यावर यांनी मला काट्यावर उभं केलं.

हा काटा शेडमध्ये असतो. खाली लोखंडी फळी, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. दांडीवरचे आकडे गंजून केव्हाच पुसले गेलेत. खाचा मात्र यांना तोंडपाठ, बोट फिरवून आकडा सांगतात. मी फळीवर चढले. यांनी वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं.

"साडेएक्याऐंशी."

नऊ दिवस देवीचे उपवास करून दीड किलो वाढलं. बाजारात व्यापारी ओल्या फुलांच्या वजनातून कडता कापतात, पाण्याचं वजन म्हणून. हे म्हणाले, "रडू नको. दीड किलो कडता धर, म्हंजे ऐंशीच." मी हसले. मग शेडच्या मागे जाऊन रडले.

३० ऑक्टोबर, मंगळवार

आज मी आणि हे दिनेशबरोबर डायलिसिसला बसलो. चार तास त्याचं रक्त नळीतून बाहेर येतं, यंत्रातून फिरतं, परत आत जातं. मी यंत्राकडे बघत नाही, त्याच्या पायांकडे बघते. त्याला दिवसभरात अर्धा लिटर पाणी प्यायची परवानगी आहे. मी सकाळपासून नुसती कुरकुर करत होते की चहात साखर नाही. लाज वाटली.

शेजारच्या खाटेवर ओझरचे यादव म्हणून गृहस्थ असतात. क्रिकेटवर चांगले तासभर बोलत होते. तेवढ्यात त्यांची बहीण डबा घेऊन आली आणि यादवांनी चक्क डोळे मिटून घोरायला सुरुवात केली. ती बिचारी डबा उशाशी ठेवून निघून गेली. घरात वाटणीवरून काही असणार. भावाबहिणीत असं नको बाई.

दिनेश म्हणाला, "ताई, या भाऊबीजेला उलटंच होणार. ओवाळायचं तू, आणि ओवाळणी पण तूच घालायची."

"घालीन की. बहात्तर होऊ दे."

तो हसला. काय काय खातेस ते विचारत बसला. मी सगळं सांगितलं.

निघताना मी गोळ्या आणायला खाली गेले. परत आले तर हे आणि दिनेश टेम्पोपाशी उभे. मला बघून दोघे गप्प झाले. यांचे डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाले, "धूर गेला टेम्पोचा." टेम्पो बंद होता. पण आधी चालू असेल.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे चालायचं ठरवलं. कालव्याच्या कडेने पुढच्या वस्तीपर्यंत आणि परत. पन्नास पावलं गेले नाही तर दूधवाला खंडेराव थांबला. "वहिनी, गाडी चुकली काय? बसा मागं." म्हटलं, नाही, चालायला निघालेय. "कुठं?" "कुठं नाही." तो माझ्याकडे बघतच राहिला. पुढे आणखी दोघे थांबले. चौथे यांचे चुलते होते, त्यांना नाही म्हटलं तर म्हणाले, "आमच्या गाडीवर बसायला कमीपना वाटतो का?" मग बसले. ते मला थेट घरी सोडून गेले.

आज खाल्लं: दोन भाकरी, गवार. चालणं: अर्धा किलोमीटर.

६ नोव्हेंबर, मंगळवार

पेपरातल्या पुरवणीत वाचून तीन दिवस नुसती कोबी उकडून खाल्ली. कोबी आमच्याच बांधावरची, म्हणून बरं. तिसऱ्या दिवशी वास आला तरी पोटात ढवळायला लागलं. शेवटी आज कॉलेज रोडवरच्या एका बाईंकडे गेले, त्या तक्ता लिहून देतात. ब्राऊन ब्रेडचे दोन तुकडे, एक सफरचंद, मूग उकडलेले, एक फुलका, साय काढलेलं दूध. बाईंचा स्वतःचा कमरेचा घेर बघून मला धीर आला, इतका नाजूक.

आत्याबाईंना तक्ता वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "साय काढल्यालं दूध मान्सानी प्यायचं? मंग म्हैस कशाला पाळली?"

पण आता मी ठरवलंय. तक्ता म्हणजे तक्ता. भाकरीला हात लावायचा नाही.

१० नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस तक्त्याबाहेर एक दाणा खाल्ला नाही. डोकं दुखतं, हात थरथरतात, गोदीवर उगाच ओरडले. आज फराळाला सुरुवात केली. चकलीच्या पिठात मीठ बघायचं तर चव घ्यावी लागते, म्हणून गोदीला शेजारी बसवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे, पण अजून एकदा बघते." तिने चार चकल्या खाल्ल्या. मी फुंकणी नसलेल्या चुलीसारखी नुसती धुमसत बसले.

संध्याकाळी काट्यावर. यांनी वजन सरकवायला आज फार वेळ लावला.

"ऐंशी."

"नीट बघा ना हो."

"नीटच बघतोय." माझ्याकडे न बघता खाली उतर म्हणाले.

कोबी, मूग, चक्कर, सगळं करून फक्त दीड किलो, म्हणजे जिथून निघाले तिथेच. माझ्या अंगात हवा भरलीय का?

१४ नोव्हेंबर, बुधवार

लक्ष्मीपूजन. दिवसभर फुलं, हार, गिऱ्हाइकं. एक करंजी खाल्ली. अर्धी. खरं लिहायचं तर दोन.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार. भाऊबीज

भाऊबीज नेमकी डायलिसिसच्या वारी आली. मी सकाळी दिनेशबरोबर हॉस्पिटलात गेले, तिथून त्याला घरी आणायचं होतं. तिथे पेशंटांना आत जाताना आणि बाहेर येताना तोलतात. नर्स इकडे तिकडे गेली तसं मी पण चप्पल काढून त्या काट्यावर चढले. साडेपंच्याहत्तर! माझा विश्वासच बसेना. उतरले, पुन्हा चढले. साडेपंच्याहत्तर.

टेम्पोत बसल्या बसल्या यांना सांगितलं. यांनी टेम्पो सुरू केला. मग म्हणाले, "तिथं रोज शंभर मान्सं चढत्यात. इस्प्रिंग गेली असंल त्याची. घरी बघू."

घरी एकोणऐंशी.

"आपल्या काट्यावर वर्षभर माल जातो," हे म्हणाले. "त्यो चुकला असता तर व्यापाऱ्यानी ऐकून घेतलं असतं का?"

ते खरंच आहे. आमच्या काट्यात अर्ध्या किलोचा फरक निघाला तरी बाजारात बोंब होते. हॉस्पिटलवाल्यांना काय, कुणी भांडायला येत नाही.

दिनेशला पाटावर बसवलं, ओवाळलं. डायलिसिसनंतर त्याचा चेहरा ओल्या मातीसारखा होतो. तो ओवाळणीची साडी घेऊन आला होता, ती ठेवली आणि ताटातली करंजी उचलून माझ्याच तोंडात घातली.

"अरे, मला चालत नाही."

"माझ्या हातची एवढी खा." एक झाली की दुसरी. मग विचारलं, "किती झालं वजन?"

"एकोणऐंशी. पाच आठवड्यांत एक किलो रे दिनू."

त्याने मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकला. "जाऊ दे गं. नाही झालं तर नाही. तू जिवाला लावून घेऊ नको."

स्वतः मरणाच्या दारात बसून तो मलाच धीर देतोय. मी उठून आत गेले आणि पदराने तोंड दाबून रडले. असा भाऊ, आणि मला साध्या आठ किलोंचं जमत नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार

काट्यावर पुन्हा एकोणऐंशी. आता मी दिवसातून एकच फुलका आणि मुगाचं पाणी घेते. काल ॲस्टरच्या सरीत चक्कर येऊन बसले. केस विंचरताना हातात गुंता येतो. चांगुणा शिंपिणीकडे ब्लाउज दिला, ती म्हणाली, "बाई, दोन्हीकडून इंच इंच आत घ्यावं लागंल." म्हटलं, कापड सैल झालं असेल धुऊन धुऊन.

आत्याबाई माझ्या ताटाकडे बघतात आणि यांच्याकडे बघतात. हे ताटावरून उठून जातात. यांना माझा कंटाळा आला असेल. दीड महिना घरात वजनाशिवाय दुसरा विषय नाही.

एक गोष्ट लिहायची की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. पोट कापतील याची मला भीती वाटते. कधी कधी मनात येतं, नाहीच झालं वजन कमी तर? कुणी मला काही म्हणणार नाही. मी प्रयत्न केला, सगळ्यांनी बघितलाय. हा विचार मूग शिजताना आला आणि मी मूग जाळले. मी फार वाईट बहीण आहे.

४ डिसेंबर, मंगळवार

दीपमालाचा फोन आला. दिनेशला धाप लागते, रात्री बसून काढतो.

"ताई, किती झालं?"

"अठ्ठ्याहत्तर."

मागे तिच्या लहान पोराचा आवाज येत होता. मग म्हणाली, "रागवू नका ताई. पण तुम्ही खरंच करताय ना हो?"

डायरी वाचून दाखवू? मी फोन ठेवला आणि नंतर दिवसभर पाणीसुद्धा घोट घोट मोजून प्यायले. पाण्यानेही वजन वाढत असेल तर काय घ्या.

११ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट सुरुवातीपासून लिहिते.

सकाळी गोदी म्हणाली, "आई, तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत जातात." मी हात वर केला, खरंच गेल्या. मग मला भलतीच शंका आली. काटा बिघडला असेल तर? माझ्या वजनाचं सोडा, पण काटा जास्त दाखवत असेल तर व्यापारी उद्या यांना लबाड म्हणतील. गिऱ्हाइकाने बोट दाखवण्याआधी आपणच बघितलेलं बरं. हे बाजारात गेले होते.

मला खाचा वाचता येत नाहीत. पण युरियाची गोणी पन्नास किलोची असते, ती तर शिवलेली असते. गोदीने आणि मी मिळून ती फळीवर ढकलली. तराजूची दहा दहाची दोन वजनं वर ठेवली, आणि एक दोनचं. बहात्तर. दांडीवरचं वजन सरकवत सरकवत दांडी सरळ केली, आणि हात काढून घेतला. मग गोदीला म्हटलं, बघू, यात माझे सहा किलो कुठे बसतात ते. गोणी उतरवली, वजनं उतरवली आणि मी चढले.

दांडी खाली-वर झालीच नाही.

गोदी म्हणाली, "आई, तू बहात्तर आहेस!" आणि टाळ्या पिटायला लागली. मीही आधी आनंदाने ओरडले. मग फळीवरच उभी राहिले. काटा चांगला होता. काटा पहिल्यापासून चांगलाच होता.

हे दुपारी आले. मी गोणी तिथेच ठेवली होती. यांनी गोणी बघितली, वजनं बघितली, आणि टेम्पोच्या पायरीवर बसले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दसऱ्यानंतर."

"तुम्हाला मी द्यायला नको होती तर तोंडानं सांगायचं होतं. मी सरळ उभी राहते, तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोलता. मी मेले असते ना उपाशी!"

हे रडायला लागले. लग्नाला सोळा वर्षं झाली, यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. "मला वाटलं चार-आठ दिवसांत तू दमशील, सोडून देशील. तू काय सोडीना. मंग मला उलटं फिरताच येईना."

"पण का?"

"माझ्या मनानी नाय केलं गं. त्यानीच पाय धरले माझे. हॉस्पिटलाच्या दारात, टेम्पोपाशी. म्हनला, दाजी, ताईचं वजन कमी होऊ देऊ नका. मला नाय म्हनता येत नाय घरात, तुम्ही काटा सांभाळा."

मी म्हटलं, कोण? आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

१४ डिसेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलात गेले. दिनेश यंत्राला लावलेला, पळून जाऊ शकत नव्हता. म्हटलं, "मी बहात्तर आहे. दाजींनी सांगितलं सगळं."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "दाजींना बोलू नको. मीच गळ घातली त्यांना."

"मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? आई, दीपमाला, तू, तिघी मिळून मला धरून बसल्या होत्या. म्हटलं, वजनानंच नाही म्हटलं तर कुणावर बोल यायला नको."

"मला काही होत नाही एक किडनी देऊन. डॉक्टर म्हणाले."

"तुझं माहितेय मला. माझं काय?" त्याने मानेनेच शेजारच्या खाटेकडे खूण केली. यादव झोपले होते, आज खरंच. दिनेश हळू आवाजात बोलायला लागला. "त्यांना बहिणीचीच लावली होती. दीड वर्ष चालली. मग ती किडनी पण गेली. आता ते परत इथं आणि बहीण रोज डबा घेऊन येते. एक शब्द बोलत नाही त्यांना. त्यांना तिच्या तोंडाकडे बघवत नाही, ताई. मला एकदा म्हणाले, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्यात तसं झालेलं मला नको."

"प्रत्येकाची जात नाही रे!"

"नाही जात. पण माझी गेली तर?"

मी त्याला म्हटलं, तू भित्रा आहेस, तुझ्या पोराचा विचार कर. तो म्हणाला, करतोय. मी म्हटलं, एकवीस तारखेला मी येणार आणि डॉक्टरांसमोर उभी राहणार, मग बघू तू काय करतोस. नर्सने मला बाहेर जायला सांगितलं.

२० डिसेंबर, गुरुवार. चंपाषष्ठी

आज सकाळी एकाहत्तर. यांनीच तोललं. दांडीवर बोट ठेवून दोनदा सांगितलं. उद्या मी येतो तुझ्यासंग, म्हणाले. आत्याबाईंनी खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या भाकरी केल्या. आठवड्याभरात त्या मला खा म्हणाल्या नव्हत्या. माझ्यासाठी गुपचूप मुगाचं पाणी बाजूला काढून ठेवलं होतं.

अकरा वाजता दिनेश आला. एकटा, सायखेड्याहून एसटीने. फाटकापासून ओट्यापर्यंत येताना दोनदा थांबला. मला वाटलं, उद्यासाठी आला. किती बरं वाटलं सांगू!

पाणी दिलं, दोन घोट. तो म्हणाला, "मंगळवारी डॉक्टरांना सांगून आलो. ऑपरेशनला सही करणार नाही म्हणून लिहून दिलंय. उद्या तू जाऊ नको, उगाच चक्कर."

मी त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. पोर उघड्यावर टाकतोस, आईला मारतोस, दोन महिने माझा जीव खाल्लास. हे दारात उभे होते, आत्याबाई चुलीपाशी, कुणी मधे पडलं नाही. दिनेश ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "दीपमाला दोन दिवस बोलली नाही. तिला मी सांगितलंय, ताई तयार होती, नाही म्हणणारा मी. तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

"मला त्याचं काय करायचंय? मी देतेय ना! मी देतेय तर तू कोण नको म्हणणारा?"

"माझ्याच पोटात घालायची ना ताई?"

माझ्याकडे जे होतं ते मी घेऊन उभी होते, बहात्तर सांगितले तर एकाहत्तर केले होते, आणि ते घेणाराच नव्हता. माझ्या हातात आता काहीच राहिलं नाही. त्याला उचलून बळजबरीने टेबलावर तर टाकता येत नाही.

आत्याबाईंनी दोन पाट मांडले. दिनेश बसला आणि मला म्हणाला, "ये, माझ्याबरोबर जेव. पोटभर जेव. मला बघायचंय."

"मला मुगाचं पाणी आहे."

"ताई."

मी बसले. आत्याबाईंनी भाकरी वाढली, भरीत वाढलं, वर तेलाची धार. त्याला चिमूटभर भरीत आणि अर्धीच भाकरी चालते. ती त्याने पाच घासांत संपवली आणि माझ्या ताटाकडे बघत राहिला. मी घास घेतला. गरम भाकरी होती. खरं लिहायचं म्हणून लिहिते, मला बरं वाटलं. पोट कापणार नाहीत, भूक संपली, सुटले, असं वाटलं. आणि त्याची लाज वाटली. मी रडत होते आणि खात होते. एक भाकरी झाली, दुसरी झाली.

दिनेशने हात लांब करून टोपल्यातली तिसरी उचलली.

"वाढू?"

मी ताट पुढे केलं.